बाकावरची विशेष शिक्षिका

पुण्यात कुणाला कुणाचा सूड घ्यायचा असला तर तो आधी अर्ज लिहितो. हाणामाऱ्या बाहेरच्यांनी कराव्यात. आपण कागद, शाई आणि शिक्क्याची पोच एवढंच जाणतो. हिराताई ओव्हाळ यांनी सूड घेतला तोही असाच, आणि तो मी अगदी जवळून पाहिला. जवळून म्हणजे इतक्या, की त्यातले निम्मे कागद माझ्या हातचे होते.

मी रंगनाथ. सरकारी बँकेत सव्वीस वर्षं काढली आणि २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. इच्छा बँकेची, निवृत्ती माझी. शहरातलं भाड्याचं घर सोडून वाघोलीत फ्लॅट घेतला आणि घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात चिकटलो. शाळेचं नाव मैनाई इंग्लिश मीडियम स्कूल. मालक हिंदुराव. त्यांची ज्वारीची रानं सोसायट्यांखाली गेली, एक तुकडा उरला, त्यावर त्यांनी आईच्या नावानं शाळा बांधली. माहितीपत्रकावर 'सर्वसमावेशक आंतरराष्ट्रीय शिक्षण' असं छापलं होतं. आंतरराष्ट्रीय म्हणजे काय, तर गणवेशाला टाय होता. सर्वसमावेशक म्हणजे काय, हे छापणाऱ्यालाही माहीत नसावं.

खराडीला नवीन कंपन्या उघडत होत्या, वाघोलीला त्यांतल्या लोकांसाठी इमारती उठत होत्या, आणि सगळ्यांची पोरं एकदम शाळेच्या वयात आली होती. हिराताईंचे यजमान अभय त्यांतलेच. रात्री अमेरिकेची कामं करायची, दिवसा पडदे ओढून झोपायचं. भला माणूस. कुठल्याही भांडणात त्यांचं एकच मत असे, जाऊ दे. हिराताई मात्र काही जाऊ देणाऱ्यांतल्या नव्हत्या. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या. वडील कचरू दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं कामाला. त्या स्वतः बी.कॉम. होऊन येरवड्याला एका खासगी विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासायच्या. कुणी खोटं बिल जोडलंय, कुणाचा अपघात सोयीच्या दिवशी झालाय, हे शोधायचं काम. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, माणूस तोंडानं कितीही सफाईनं खोटं बोलो, त्याच्या कागदावरच्या तारखा एकमेकींशी भांडायला लागतात.

त्यांची मुलगी मैत्री आमच्याच शाळेतून मोठ्या शिशुवर्गातून पहिलीत आली, ते साल २००७. शिशुवर्गात कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. गप्प बसणारं मूल बालवाडीच्या बाईंना देवासारखं वाटतं. पहिलीत मात्र लक्षात आलं की ही मुलगी हाक मारली तर बघत नाही, घंटा झाली की कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरते, आणि बाटल्यांची झाकणं एका ओळीत लावत बसली की जगबुडी झाली तरी उठत नाही. हिराताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी लिहून दिलं, स्वमग्नतेची शक्यता आहे, इतक्यात नक्की सांगता येत नाही, शाळेनं वर्गात मदतीची सोय करावी.

ते पत्र घेऊन त्या मुख्याध्यापिका शेफाली मॅडमकडे गेल्या. मॅडम चाळिशीच्या अलीकडच्या, कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, आईबरोबर धानोरीला राहणाऱ्या. त्या कधी आवाज चढवत नसत. ओरडणाऱ्या माणसावर उलट ओरडता येतं, हळू बोलणाऱ्याचं काय करणार. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाल्या की नक्की निदान नसेल तर शाळा सोय कशाची करणार? हिराताईंनी विचारलं, नक्की झालं तर? तर मग, मॅडम म्हणाल्या, अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात. म्हणजे नक्की नसेल तर मदत नाही आणि नक्की असेल तर प्रवेश नाही. मी शेजारच्या टेबलावर फी-पावत्या लावत होतो. एवढी चोख नाकेबंदी मी बँकेतही पाहिली नव्हती.

त्याच वेळी हिंदुराव आत आले. हिराताईंचं माहेर कुठलं हे त्यांनी आधीच काढून ठेवलेलं होतं. त्यांनी हिराताईंना वरून खाली पाहिलं.

"खडकीच्या म्हंजी कोन तुमी?"

"बौद्ध," हिराताई म्हणाल्या. "अजून काही विचारायचंय?"

हिंदुरावांना काही विचारायचं नव्हतं. त्यांनी मॅडमना सांगितलं की पोरीला काढायचं तर काढा, पण आरडाओरडा नको, अ‍ॅडमिशनचा सीझन हाय. मग मॅडमनी तोडगा काढला. मैत्रीला वर्गात बसू देऊ. पण तिची आई शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर बसेल आणि घंटा झाली, मुलगी रडली, टेबलाखाली शिरली की आत जाऊन तिला सांभाळेल. मंजूर असेल तर बघा. हिराताईंनी महिनाभर अर्ध्या दिवसाच्या रजा घेतल्या, कंपनीनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा त्यांनी राजीनामा दिला. ऑगस्टपासून पहिलीच्या वर्गाबाहेर एक लाकडी बाक आला आणि त्यावर हिराताई आल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोटे कागद पकडण्यात हयात घालवलेल्या बाईला शाळेनं स्वतःच्या हातानं शाळेच्या मधोमध नेऊन बसवलं, रोज आठ ते दीड, आणि वर तिला सांगितलं की तुम्हाला काही काम नाही. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. कुठल्या वर्गावर किती दिवस बाई नाहीत, एका बसमध्ये किती मुलं कोंबली, प्रयोगशाळेचं कुलूप कधी उघडलं, कुठल्या सरांनी कुणाच्या थोबाडीत मारली, सगळं तारीखवार. मी एकदा विचारलं की हे कशाला? तर म्हणाल्या, सवय आहे काका, बसून काय करू? पण आवाज सवयीचा नव्हता. त्या बाकावर बसून बसून त्यांचा राग चांगला मुरत होता आणि मला ते दिसत होतं.

रोज फाटकातून आत येताना त्यांना माझ्या टेबलावरच्या नोंदवहीत सही करावी लागे. बाहेरच्या माणसांसाठीची वही. नाव, वेळ, सही. अडीच-तीनशे पालकांच्या अधूनमधूनच्या सह्या आणि हिराताईंची रोजची. पुढे पुढे मी त्यांच्यासाठी वेगळी वहीच घातली, म्हणजे बाकीच्यांचा खोळंबा नको. चांगुलपणानं घातली हो. पुढच्या पापाची सुरुवात तिथं झाली.

जानेवारीत वर्गांचे फोटो काढायचा दिवस होता. पहिलीची मुलं पायऱ्यांवर उभी केली. मैत्री दुसऱ्या ओळीत शांत उभी होती, टाय नीट, केसांना रिबीन, हिराताईंनी आठवडाभर तिच्याकडून घरी पायऱ्यांवर उभं राहायचा सराव करून घेतला होता. फोटोग्राफरनं कॅमेरा लावला. मैत्री कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्या तीन पायांच्या स्टँडकडे बघत होती. त्यानं दोनदा हाक मारली, तिनं पाहिलं नाही. शेफाली मॅडम पुढे आल्या, तिच्या खांद्याला धरून तिला ओळीतून बाहेर काढलं आणि हिराताईंना म्हणाल्या, उन्हात हिला त्रास होईल, तुम्ही जरा सावलीत घेऊन बसा. फोटो निघाला. मैत्री सावलीतून परत पायऱ्यांकडे जायला लागली, कारण तिला उभं राहायला शिकवलं होतं आणि ती उभी राहणार होती. तिला वाटलं, अजून व्हायचंय. मुलं पांगली तरी ती दुसऱ्या पायरीवर आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

हिराताई तिच्यासमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि तिचे बूट पुसत राहिल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेलो. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "काका, या बाईला मी सोडणार नाही." मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला बरं वाटलं. मला बँकेतून असंच खांद्याला धरून बाहेर काढलं होतं आणि मी गप्प सावलीत जाऊन बसलो होतो.

आणि तरीही पुढची गोष्ट मीच केली. मार्चमध्ये आठवीचे वर्ग वाढवायला मान्यता हवी होती आणि त्यासाठी शिक्षण खात्याची तपासणी येणार होती. तपासणीच्या छापील नमुन्यात एक रकाना होता, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काय सोय आहे. हिंदुराव म्हणाले, काय बी लिवा. मॅडम काय बी लिहिणाऱ्या नव्हत्या. त्यांना पुरावा हवा होता. त्यांनी माझ्याकडून हिराताईंची ती वेगळी वही मागवली, चाळली, आणि हळू आवाजात सांगितलं की हिच्यावर नवीन लेबल लावा, 'विशेष शिक्षिका, दैनिक हजेरी'. मी लावलं. डिंकानं. नोकरी म्हातारपणी मिळालेली होती आणि मी भेकड होतो, दुसरं काही कारण नाही. नमुन्यात मॅडमनी लिहिलं, एक विशेष शिक्षिका नियुक्त, नाव हिरा ओव्हाळ, ऑगस्टपासून नियमित हजर. खाली स्वतःची सही आणि शिक्का.

तपासणीला दोन साहेब आले. चहा झाला, समोसे झाले, मग त्यांना वर्ग दाखवत मॅडम त्या बाकापाशी आल्या. "आणि या आमच्या विशेष शिक्षिका," त्यांनी सांगितलं. त्यांना वाटलं असणार की ही बाई मुलीच्या जागेसाठी गप्प बसेल. थोरल्या साहेबांनी हिराताईंना विचारलं की आपणच का?

मी ऑफिसच्या दारात उभा होतो. मला वाटलं आता स्फोट होणार. हिराताईंनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या हातातल्या वहीकडे, लेबलासकट.

"हो," त्या म्हणाल्या. "रोज येते. सही आहे बघा."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. मॅडमचा चेहरा सैल झाला. खोटा क्लेम तपासताना समोरचा माणूस 'सुटलो' म्हणतो तो क्षण हिराताई ओळखत असणार, कारण त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा जवळजवळ खुशीत होत्या. त्यांना तपासणीच्या नमुन्याची आणि हजेरीच्या वहीची नक्कल हवी होती. मी इकडेतिकडे पाहिलं, झेरॉक्सचं मशीन सुरू केलं आणि दिली. लेबल मीच लावलं, हेही त्यांना सांगितलं. माहितीय, त्या म्हणाल्या, तुमच्याइतकं सरळ लेबल या शाळेत कोण लावणार.

दुसऱ्या दिवशी त्या मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार उघडंच ठेवलं. त्यांनी नकला टेबलावर ठेवल्या.

"हे कुठून मिळालं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"मी इथली विशेष शिक्षिका आहे. ऑफिसातले कागद मला मिळतात."

मॅडमनी नकला चाळून बाजूला ठेवल्या. मग मॅडमनी विचारलं की काय हवंय? हिराताईंना मैत्रीसाठी एक खोली हवी होती आणि तिला रोज शिकवणारी खरी शिक्षिका. मॅडम म्हणाल्या की अशी शिक्षिका वाघोलीत मिळत नाही, शहरातसुद्धा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ते खरंच होतं.

"मग मिळेपर्यंत तुम्ही," हिराताई म्हणाल्या. "रोज एक तास. आणि सही करायची, माझ्या वहीत."

त्यांनी तिथंच शब्दही दिला: मैत्री या शाळेत शिकत असेपर्यंत हे कागद माझ्या कपाटाबाहेर येणार नाहीत. मॅडमनी सही केली. मला अजून आठवतं की मला त्यात फार गोडी वाटली.

खेळाच्या सामानाची खोली रिकामी झाली. पहिल्या आठवड्यात मैत्रीनं मॅडमच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. मॅडम ऑफिसात डेटॉल मागायला आल्या तेव्हा हिराताई तिथंच होत्या. "चावली का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि पर्समधून चष्मा काढून वहीत लिहिलं. मॅडमना दर शनिवारी कोथरूडला एका संस्थेत प्रशिक्षणाला जावं लागलं, तेही हिराताईंनी मागितलं म्हणून. वाघोली ते कोथरूड, दोन बसेस आणि परत. सोमवारी त्या शिकलेलं करून बघायच्या आणि मैत्री टेबलाखाली जायची. मॅडम साडी सावरून तिच्याशेजारी टेबलाखाली बसायच्या. दाराच्या काचेतून हिराताई हे बघायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असायचं, पण ते मैत्रीकडे बघून आलेलं नव्हतं.

जूननंतर मात्र गाडं पुढे सरकलं. मॅडमच्या लक्षात आलं की तोंडी सांगितलेलं मैत्रीला पोचत नाही, चित्र काढून दाखवलं की पोचतं. मग त्यांनी स्वतः पुठ्ठ्याची चित्रं काढली, पाणी, वही, संपलं, बाहेर जाऊ. शिपायाला सांगून घंटा इमारतीच्या मागच्या बाजूला टांगली. दिवाळीपर्यंत मैत्री दोन तास वर्गात बसायला लागली, अक्षरं गिरवायला लागली, आणि मॅडम आल्या की हात पुढे करून चित्र मागायला लागली. मैत्री कुणाकडे काही मागते, हे मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. बाकाची गरज उरली नाही. हिराताईंना जुन्या कंपनीत कंत्राटावर काम मिळालं.

मी त्यांना म्हटलं की आता झालं ना मनासारखं? त्या भडकल्या. बाकावर आठ महिने बसवलं तेव्हा ही चित्रं का सुचली नाहीत, मानगुटीवर कागद ठेवल्यावरच का सुचली? पुढच्या जानेवारीत वर्गाच्या फोटोत मॅडमनी मैत्रीला पुढच्या ओळीत स्वतःच्या शेजारी बसवलं. मैत्री हसली नव्हती, पण कॅमेऱ्याकडे बघत होती. हिराताईंनी त्या फोटोची प्रत घेतली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही जळलेला नव्हता.

२००९च्या एप्रिलमध्ये त्यांनी दुसरी शाळा बघितली, माहेरच्या बाजूला, खडकीजवळ. तिथं शिकलेली विशेष शिक्षिका होती. तिथल्या बाई म्हणाल्या, जूनमध्ये आणा, बघू. पुण्यात 'बघू' या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. जन्मभर लेखी कागद मागणाऱ्या हिराताईंनी ठेवला, कारण त्यांना आता थांबवत नव्हतं. एका बुधवारी त्यांनी आमच्याकडे मैत्रीचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून अर्ज दिला आणि पोच घेतली. गुरुवारी शिक्षण खात्यात तक्रार दिली, सगळ्या नकला, सगळी वही आणि फोटोच्या दिवसाची हकिकत जोडून. दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. शिकत असेपर्यंत म्हटलं होतं, बुधवारी शिकणं संपलं. तारखा तारखांशी भांडत नव्हत्या.

जायच्या आधी त्या माझ्याकडे आल्या होत्या, जोडपत्रांवर क्रमांक घालून घ्यायला. मी घातले. मैत्रीचं काय होईल, हे मी विचारलं नाही. मला तो लखोटा खात्यात पोचलेला बघायचा होता. हिंदुरावांचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. खोटं कशाला बोलू.

हिंदुरावांचं तोंड काही झालं नाही. चौकशीत ते हात जोडून उभे राहिले. "आमी शेतकरी मानसं, सायेब. इंग्रजी कागद मॅडम लिवायच्या, आमाला काय ठावं?" नमुन्यावर सही त्यांची नव्हतीच, मॅडमची होती. मॅडमना त्याच आठवड्यात काढलं. पेपरात चौकटीत बातमी आली, शाळेत बोगस शिक्षिका, मुख्याध्यापिका निलंबित. मलाही घरी पाठवलं, त्याचं मला काही वाटलं नाही. शाळेला ताकीद मिळाली आणि हिंदुरावांनी त्याच वर्षी लोहगावला दुसरी शाखा काढली. उद्घाटनाचा फलक मी रिक्षातून पाहिला.

जूनमध्ये खडकीजवळच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, जागा भरल्या, आम्ही बघू म्हटलं होतं, घेऊ म्हटलं नव्हतं. हिराताईंनी दाखल्याचा अर्ज मागे घेतला आणि मैत्री परत मैनाईत आली. चौकशीनंतर निघालेल्या शिक्षण खात्याच्या आदेशामुळे तिला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. नवीन मुख्याध्यापकांनी एक विशेष शिक्षिकाही नेमली, रीतसर, कागदावर अगदी खरी. शाळेचा शिपाई मला घरी येऊन सांगायचा, ती तासभर मोबाईलवर मेसेज लिहीत बसते. मैत्री त्या खोलीच्या दारात जायची, आत बघायची, आणि मॅडम दिसल्या नाहीत की तिथंच खाली बसायची. पहिले चार दिवस रडली. मग रडायची थांबली आणि डबा खायची थांबली. अक्षरं गेली. घरी पुन्हा झाकणांच्या ओळी लागल्या. जुलै सरता सरता ती घंटेला कानांवर हातसुद्धा ठेवेनाशी झाली, आणि ते मला सगळ्यांत भयंकर वाटलं.

एका शनिवारी हिराताई माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. शेफाली मॅडमचा धानोरीचा पत्ता मागितला. मी विचारलं, माफी मागणार? "कशाबद्दल?" त्या म्हणाल्या. "मी खोटं काही लिहिलं होतं का?" नव्हतं लिहिलं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. वाटेत हिराताई मला सांगत होत्या की मॅडम काय म्हणतील आणि त्यावर त्या काय म्हणणार. मॅडम दार लावून घेतील, तर काय. पेपरातली बातमी काढतील, तर काय. रडल्या, तर काय. प्रत्येकावर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं आणि एकही उत्तर नरम नव्हतं. मैत्री मधे बसून रिक्षाच्या मीटरचे आकडे बघत होती.

दुसऱ्या मजल्यावर मॅडमनी दार उघडलं. घरात शिकवणीची दोनतीन मुलं बसली होती. कुठल्या शाळेनं त्यांना घेतलं नव्हतं, हे मला बाहेरून कळलं होतं. तीन-चार महिन्यांत केस बरेच पांढरे झालेले. त्यांनी हिराताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चेहरा दगडासारखा झाला. हिराताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात मैत्री दोघींच्या मधून आत गेली, भिंतीशी जाऊन बसली आणि तिनं हात पुढे केला.

मॅडम वळल्या. त्यांनी शिकवणीच्या मुलांना आतल्या खोलीत जायला सांगितलं, कपाटातून एक पुठ्ठा आणि खडू काढले आणि मैत्रीशेजारी जमिनीवर बसून काहीतरी काढायला लागल्या. आम्ही उंबऱ्याबाहेर उभे. पंधरा मिनिटं असतील, जास्तही असतील. आम्हाला कुणी या म्हटलं नाही. मैत्रीनं पुठ्ठा घेतला, बघितला, परत दिला आणि पुन्हा हात पुढे केला.

मग मॅडम उठून दाराशी आल्या.

"रोज किती वाजता आणाल?"

हिराताईंकडे या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं. "चार," त्या म्हणाल्या.

"चालेल," मॅडम म्हणाल्या आणि मैत्रीला बोलवायला आत गेल्या. त्यांनी हिराताईंकडे परत बघितलंच नाही.

जिना उतरताना पहिल्या मजल्यावर हिराताई पायरीवर बसल्या. मैत्री खाली पुढे जाऊन कठड्याचे गज मोजत होती. मला वाटलं त्या रडतील, पण त्या संतापलेल्या होत्या, मी त्यांना इतकं संतापलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"नाही म्हणायला हवं होतं तिनं," त्या म्हणाल्या. "एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मैत्रीचा हात धरायला उठल्या.

"मी तिला माफ केलेलं नाही काका. तिनंही मला केलेलं नाही, दिसलं ना तुम्हाला? पण उद्या चार वाजता यायचंय."